वापरलेला पिक्सेल ७ए घेऊन ग्राफीनओएस टाकायचे आहे: यूपीआय, व्हॉट्सॲप आणि मराठी टायपिंगचे कसे करावे?

इंदूरकर_८२ विचारतात:

नमस्कार मंडळी. सध्याचा फोन रेडमी, चार वर्षांचा, सुरक्षा अपडेट येणे बंद झाले आहे. सेटिंगमध्येसुद्धा जाहिराती दिसतात आणि साधे टॉर्चचे ॲपही संपर्कयादी मागते. म्हणून ग्राफीनओएस या अँड्रॉइडवर बेतलेल्या, सुरक्षिततेवर भर देणाऱ्या प्रणालीवर जायचे ठरवले आहे. इंदूरच्या जेल रोडवर एक वापरलेला पिक्सेल ७ए बघून ठेवला आहे, पैसे अजून दिलेले नाहीत. प्रश्न असे:

रेडमीवरच लिनेजओएस (जुन्या फोनवरही चालणारी मोफत अँड्रॉइड प्रणाली) टाकून भागेल का, की पिक्सेल घ्यावाच लागेल? वापरलेला फोन घेताना दुकानात उभ्याउभ्या काय तपासावे? दूध, भाजी, पेट्रोल सगळे यूपीआयवर चालते, तेव्हा बँकेचे ॲप अडले तर पर्याय काय? व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गप्पा, फोटो कसे आणायचे? आणि घरात सगळे मराठीतच टाइप करतात, त्याची सोय कशी आहे?

घरी विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, त्यातच दुसऱ्या पार्टिशनवर उबंटू आहे. लॅपटॉप नाही. कोणत्या बाजूने इन्स्टॉल करू तेही सांगा.

---

खासगी_कप्पा:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. रेडमीवर लिनेजओएस टाकले तर जाहिराती जातील, पण बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) उघडाच राहील. बहुतेक फोनवर लिनेजओएस टाकल्यानंतर बूटलोडर पुन्हा बंद करता येत नाही. म्हणजे फोन सुरू होताना आतली प्रणाली अस्सल आहे की कुणी हात लावलेली, हे तपासणारी साखळीच तुटते. फोन दहा मिनिटे दुसऱ्याच्या हातात गेला तर त्यात काय भरले गेले ते कळायला मार्ग नसतो. शिवाय मोडेम, कॅमेरा, चिपसेटचे फर्मवेअर (त्या भागांतले सॉफ्टवेअर) कंपनीकडूनच येते. कंपनीने अपडेट थांबवली की वरची प्रणाली कितीही नवी असो, खालचा पाया जुनाच. बँकांची ॲप तर उघड्या बूटलोडरवर आणखी लवकर अडतात. जुन्या फोनला जीवदान द्यायला लिनेजओएस उत्तम आहे, पण ज्या फोनवर पैसे आणि ओटीपी येतात त्यासाठी मी ते सुचवणार नाही.

ग्राफीनओएस पिक्सेलवरच का चालते, याचे कारण हेच. पिक्सेलमध्ये दुसरी प्रणाली टाकून, तिची चावी नोंदवून, बूटलोडर परत बंद करता येतो. पिक्सेल ६ पासून पुढे टायटन एम२ ही वेगळी सुरक्षा चिप आहे. चुकीचा पिन टाकत राहिले की ती अधिकाधिक वेळ थांबायला लावते, म्हणून सहा आकड्यांचा पिनही पुरतो. मात्र तो खरोखर मनाला येईल तसा निवडलेला हवा, जन्मतारीख नको.

आता मॉडेल. ७ए मे २०२३ चा, त्याला पाच वर्षांची सुरक्षा अपडेट, म्हणजे मे २०२८ पर्यंत. ८ए ला सात वर्षे, मे २०३१ पर्यंत. शिवाय ८ पासून पुढच्या फोनमध्ये मेमरी टॅगिंगची हार्डवेअर सोय आहे आणि ग्राफीनओएस ती मुळातच चालू ठेवते. मेमरीतल्या चुका वापरून होणारे बरेचसे हल्ले त्यामुळे जागीच अडतात. किमतीत थोडाच फरक असेल तर ८ए घ्या. अंतर मोठे असेल तर ७ए वाईट नाही, पण मे २०२८ ही तारीख धरूनच पैसे मोजा.

बाकीच्या अशाच प्रणालींबद्दल विचाराल तर डिव्हेस्टओएस डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. कॅलिक्सओएसने ऑगस्ट २०२५ मध्ये अपडेट थांबवत असल्याचे स्वतःच जाहीर केले. ई-ओएस लिनेजवरच बेतलेले आहे, सुरक्षा अपडेट तिथे मागे राहतात.

---

बेंचवरचा_सोल्डर:

वापरलेल्या पिक्सेलची तपासणी. बाकी काही विसरलात तरी पहिली गोष्ट विसरू नका.

दुकानात फोन वायफायला जोडा. दुकानदार पासवर्ड देत नसेल तर स्वतःचा हॉटस्पॉट द्या. सेटिंग, मग अबाउट फोन, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारा. मागे येऊन सिस्टिममध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ओईएम अनलॉकिंगचे, म्हणजे बूटलोडर उघडायची मुभा देणारे, बटण सरकवून बघा. ते सरकले पाहिजे. राखाडी असेल, दाबले जात नसेल, तर तो फोन ग्राफीनओएससाठी निकामी. परदेशातल्या काही मोबाइल कंपन्यांच्या करारात विकलेले पिक्सेल असेच कायमचे बंद असतात आणि इथे येऊन विकले जातात. बाहेरून फरक दिसत नाही, आणि सिम कुठलेही चालते म्हणून दुकानदारालाही माहीत नसते. "कोणत्याही सिमला चालतो" आणि "बूटलोडर उघडतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे, चोरीचा फोन. *#०६# लावून आयएमईआय बघा, मग १४४२२ वर केवायएम (इंग्रजीत KYM), एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक असा एसएमएस पाठवा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही तपासता येते. काळ्या यादीत असेल तर घेऊ नका. त्यावर नेटवर्क बंद होते आणि प्रणाली बदलून आयएमईआय बदलत नाही.

तिसरे, ७ए ची बॅटरी. गुगलने एप्रिल २०२५ मध्ये या मॉडेलच्या काही फोनची बॅटरी फुगते म्हणून खास दुरुस्ती योजना जाहीर केली होती. फोन काचेच्या सपाट काउंटरवर पालथा ठेवून दोन्ही कोपऱ्यांवर हलके दाबा. डुगडुगला तर संशय घ्या. मग डोळ्यांच्या पातळीवर धरून मागचे प्लॅस्टिकचे झाकण आणि ॲल्युमिनियमची कड यांच्यातली फट बघा. ती चारही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला नख शिरत असेल तर बॅटरीने झाकण उचलले आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो, अशी बॅटरी खिशात बाळगू नये.

चौथे, स्क्रीन बदलली आहे का ते विचारा आणि स्वतःच बोट नोंदवून दहा वेळा उघडून पाहा. बदललेल्या स्क्रीननंतर बोटाच्या सेन्सरचे कॅलिब्रेशन करावे लागते. ते काम गुगलच्या मूळ प्रणालीवर असतानाच उरकून घ्या.

आणि आधीच्या मालकाचे गुगल खाते काढलेले आहे ना? फोन तुमच्यासमोर पूर्ण रीसेट करून पहिल्या स्क्रीनपासून सुरू करायला सांगा. जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला तर पैसे देऊ नका.

---

तार_आणि_टर्मिनल:

इन्स्टॉलेशन. तुमच्याकडे दोन्ही प्रणाली आहेत, तर विंडोज आणि एज ब्राउझर वापरा. उबंटूवर क्रोमियम स्नॅप या बंदिस्त पॅकेजमधून येते, आणि स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधल्या ब्राउझरला यूएसबी नीट हाताळता येत नाही. फायरफॉक्समध्ये वेबयूएसबी, म्हणजे वेबपानावरून थेट यूएसबी उपकरणाशी बोलण्याची सोय, नाहीच. उबंटूच हवे असेल तर ब्रेव्ह किंवा क्रोम डेब पॅकेजने टाका, यूडेव्हचे (यूएसबी उपकरणांना परवानगी देणारे) नियम बसवा, आणि एफडब्ल्यूयूपीडी ही फर्मवेअर अपडेटची सेवा तेवढ्यापुरती थांबवा. फास्टबूटमधला (प्रणाली लिहिण्याच्या खास स्थितीतला) फोन दिसताच ती त्यावर झडप घालते आणि ब्राउझरला फोन मिळत नाही.

आधीची तयारी: संगणकात ३२ जीबी जागा आणि २ जीबी मेमरी मोकळी. ब्राउझरची खासगी खिडकी वापरू नका. तिला साठवणुकीची जागा तोकडी मिळते, डाउनलोड अर्ध्यात फसते. केबल डेटाची, शक्यतो फोनबरोबर आलेली. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी हब नको. अर्ध्याअधिक "फोन दिसत नाही" तक्रारी केबल आणि पोर्टच्याच असतात. फोन ऐंशी टक्के चार्ज, आणि मूळ प्रणाली शेवटच्या अपडेटपर्यंत आणलेली.

तुमच्याकडे लॅपटॉप नाही म्हणून एक सांगतो. पावसाळ्याच्या संध्याकाळी हे काम काढू नका, लाइट गेली तर डेस्कटॉप बंद पडेल. यूपीएस असेल तर प्रश्नच नाही. मध्येच तुटले तरी बहुतेक वेळा फोन फास्टबूटमध्ये परत येतो आणि पहिल्यापासून लिहिता येते. पण सुरुवातीला बूटलोडरचे फर्मवेअर लिहिले जात असताना वीज तोडणे टाळायचेच.

प्रत्यक्ष क्रम. ओईएम अनलॉकिंग चालू करा. फोन रीस्टार्ट करताना आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरा. लाल त्रिकोणाखाली फास्टबूट मोड असे दिसले की हात काढा. वर स्टार्ट लिहिलेले असेल, पण पॉवर बटण दाबू नका, नाहीतर फोन नेहमीसारखा सुरू होईल. केबल लावा. विंडोज १० ला फोन ओळखता आला नाही तर फोन तसाच जोडलेला ठेवून विंडोज अपडेटच्या ऐच्छिक अपडेटमध्ये अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस शोधा.

मग ग्राफीनओएसच्या अधिकृत संकेतस्थळावरचे वेब इन्स्टॉलर पान. त्यावर बटणे वरून खाली क्रमाने दाबायची. बूटलोडर उघडा, इथे फोनवर आवाजाच्या बटणाने पर्याय निवडून पॉवरने पक्का करायचा, फोन पुसला जातो. नंतर डाउनलोड, दोन जीबीच्या आसपास. मग फ्लॅश, म्हणजे प्रणाली फोनवर लिहिणे. या वेळी फोन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतो, स्क्रीन काळी पडते. घाबरून केबल काढू नका. पान "झाले" म्हणेपर्यंत फोन टेबलावर पडू द्या.

यानंतर बूटलोडर बंद करणे. पुष्कळ जण फोन सुरू झाला या आनंदात इथे थांबतात. ही पायरी चुकली तर सगळी मेहनत वाया. बंद करताना फोन पुन्हा एकदा पुसला जातो, म्हणून त्याआधी फोनमध्ये काहीही भरू नका. काम नीट झाले का ते सुरू होतानाच्या इशाऱ्यावरून कळते. नारिंगी इशारा म्हणजे बूटलोडर अजून उघडा. पिवळा म्हणजे बंद, पण प्रणाली गुगलची नाही. पिवळाच हवा, आणि तो दर वेळी दिसणार. त्याखाली अक्षर-अंकांची लांब ओळ असते, तो चावीचा ठसा. अधिकृत पानावर ७ए साठी दिलेल्या ठशाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सुरुवातीच्या सेटअपच्या शेवटी ओईएम अनलॉकिंग बंद करण्याचा पर्याय येतो, तो निवडलेलाच राहू द्या.

परत गुगलची प्रणाली हवी झाली तर तिचे वेगळे फ्लॅश साधन आहे. फक्त त्याआधी ग्राफीनओएसच्या पानावरून नोंदवलेली चावी काढून टाकायची.

---

पैसे_आणि_पिन:

यूपीआय. आधी हे समजून घ्या की "बँकेचे ॲप चालत नाही" यात चार वेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे.

ॲप उघडताच मिटते, काहीही न सांगता: ग्राफीनओएसच्या कडक मेमरी संरक्षणात ॲपमधलीच जुनी चूक उघडी पडलेली असते. त्या ॲपच्या माहितीपानावर एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन कंपॅटिबिलिटी मोड आहे, तो फक्त त्याच ॲपपुरता चालू करा.

सिमची पडताळणी पुढे सरकत नाही: यूपीआय ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर पाठवते. ॲपला एसएमएसची परवानगी आहे का, दोन सिम असतील तर बँकेत नोंदलेले सिम एसएमएससाठी निवडले आहे का, आणि रिचार्जमध्ये जाणारे एसएमएस शिल्लक आहेत का, हे बघा. ॲप वेगळ्या यूजर प्रोफाइलमध्ये (फोनमधल्या स्वतंत्र कप्प्यात) टाकले असेल तर मुख्य प्रोफाइलमधून त्या यूजरला फोन आणि एसएमएसची मुभा द्यावी लागते. ती मुळात बंद असते आणि लोक तासन् तास डोके फोडतात.

डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत म्हणून अडवते: बंद करा, विषय संपला.

"फोनमध्ये फेरफार आहे" असे सांगते: इथे इलाज चालत नाही. ॲप प्ले इंटिग्रिटी या गुगलच्या तपासणी सेवेला विचारते, आणि ग्राफीनओएस सुरक्षित असूनही गुगलच्या प्रमाणित यादीत नसल्याने वरच्या पातळीच्या तपासणीत नापास होते. कोणते ॲप ही तपासणी करते, याची सूचना प्रणाली देते. बँकेला लिहा: ग्राफीनओएसचे विकसक हार्डवेअर ॲटेस्टेशनने (फोनच्या चिपने दिलेल्या खात्रीपत्राने) हीच खात्री कशी करायची याची कृती देतात, ती जोडून पाठवा. अशी पत्रे जास्त गेली तरच बँका हलतील.

म्हणून फोन घेण्याआधीच प्रायव्हसेक या संकेतस्थळावरची देशवार बँक-यादी उघडून तुमची बँक शोधा. बँकेचे ॲप अडले तरी दुसरे यूपीआय ॲप त्याच खात्याला जोडून चालू शकते, कारण अडवणूक ॲपची असते, खात्याची नव्हे.

पर्याय: नेटबँकिंग ब्राउझरमधून. *९९# वरून इंटरनेटशिवाय, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत, पण तुमच्या नेटवर्कवर ते लागते का हे आजच फोन लावून बघा. साध्या फोनवरून चालणाऱ्या यूपीआय १२३पे ची मर्यादा १०,००० आहे. जुना रेडमी "यूपीआयपुरता" ठेवू असा बेत असेल तर तो टिकणार नाही, बँकेचे सिम ज्या फोनमध्ये तिथेच यूपीआय चालते.

आणखी एक. नव्या फोनवर यूपीआय जोडल्यावर पहिले चोवीस तास रकमेवर मर्यादा असते. मुलांची फी किंवा घरभाडे भरून झाल्यावरच बदल करा, आणि त्या दोन दिवसांसाठी खिशात रोख ठेवा. ई-सिम असेल तर फोन पुसण्याआधी साधे सिम करून घ्या. पुसताना ई-सिम गेले तर ते परत मिळवायला लागणारा ओटीपी त्याच सिमवर येतो.

---

इंदूरकर_८२:

फार उपयोगी. आत्ताच दुकानात जाऊन आलो. फट नाही, काळ्या यादीतही नाही. पण ओईएम अनलॉकिंग राखाडी आहे, वायफाय जोडलेले असूनही. दुकानदार म्हणतो रीसेट केल्यावर येईल. विश्वास ठेवू का? आणि गुगल प्ले मुख्य प्रोफाइलमध्ये टाकू की वेगळ्या?

---

बेंचवरचा_सोल्डर:

तुमच्यासमोर रीसेट करू द्या, सेटअप करताना वायफाय जोडा, पाच मिनिटे थांबून पुन्हा बघा. कधी कधी इंटरनेटवरची पहिली तपासणी झालेली नसते म्हणून बटण राखाडी राहते. तरीही सरकले नाही तर तो फोन सोडा, दुसरा मिळेल. "घरी जाऊन येईल" यावर पैसे देऊ नका.

---

खासगी_कप्पा:

पहिला महिना सगळे मुख्य प्रोफाइलमध्येच ठेवा. ग्राफीनओएसवर प्ले सर्व्हिसेस (गुगलच्या पडद्यामागच्या सेवा) साध्या ॲपसारख्या चालतात, त्यांना खास अधिकार नसतात. आतल्या ॲप स्टोअरमधून प्ले सर्व्हिसेस आणि प्ले स्टोअर घ्या, आणि प्ले सर्व्हिसेसना बॅटरीच्या सेटिंगमध्ये अनिर्बंध ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपच्या सूचना उशिरा येतात. छप्पन दुकान या खाऊगल्लीत क्यूआरसमोर उभे राहून प्रोफाइल बदलत बसणे जमत नाही, आणि मग माणूस कंटाळून परत जुन्या फोनकडे वळतो. ज्या ॲपवर भरवसा नाही, पण टाळता येत नाहीत, ती नंतर वेगळ्या प्रोफाइलमध्ये हलवा.

संपर्कांसाठी कॉन्टॅक्ट स्कोप्स वापरा: ॲपला वाटते परवानगी मिळाली, पण दिसतात तुम्ही निवडलेलीच माणसे. फोटो-फायलींसाठी स्टोरेज स्कोप्स तसेच. टॉर्च, कॅल्क्युलेटर, पंचांग अशा ॲपची नेटवर्क परवानगी इन्स्टॉल करतानाच काढा. ही सोय साध्या अँड्रॉइडमध्ये नाही.

दोन गोष्टी सुरुवातीला बिघाड वाटतात, पण तो बिघाड नसतो. अठरा तास फोन उघडला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो, आणि पिन टाकेपर्यंत व्हॉट्सॲप कॉल येत नाहीत. घरातल्या ज्येष्ठांचा फोन असेल तर ही मुदत वाढवा. आणि फोन कुलूपबंद असताना यूएसबीतून फक्त चार्जिंग होते, म्हणून फायली हलवायच्या तर आधी उघडा, मग केबल लावा.

व्हॉट्सॲप: दोन्ही फोन हाताशी आहेत तर गुगल ड्राइव्हची गरज नाही. रेडमीवर चॅट्सच्या सेटिंगमध्ये ट्रान्सफर चॅट्स, नव्या फोनवर नंबर पडताळून क्यूआर स्कॅन. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू, जवळच्या उपकरणांची परवानगी दिलेली. काम झाल्यावर परवानग्या काढून घ्या. रेडमी लगेच पुसू नका. स्थानिक बॅकअपची फाईलही संगणकावर काढून ठेवा, आणि एन्क्रिप्टेड बॅकअप चालू असेल तर ६४ अंकी चावी कागदावर लिहा. चावी हरवली की ती फाईल कुणालाच उघडत नाही.

---

ऱ्हस्व_दीर्घ:

मराठी टायपिंगचे राहिले. फोनसोबत येणाऱ्या कळफलकात मराठी मांडणी आहे, पण शब्द सुचवणे यथातथाच. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप दुकानातला हेलीबोर्ड बरा, तो इंटरनेट मागतच नाही. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर जीबोर्ड घ्या, मात्र क्रम पाळा: आधी मराठी भाषा जोडा, तिचा संच पूर्ण उतरू द्या, दोन ओळी लिहून बघा, आणि मगच त्याची नेटवर्क परवानगी काढा. उलट केले तर संच उतरत नाही आणि सूचना येत नाहीत.

कोणताही कळफलक पक्का करण्याआधी "दुसऱ्या वाऱ्यावर" एवढे लिहून पाहा. र दाबून धरल्यावर ऱ मिळाला पाहिजे. तो नसेल तर "दुसर्या वार्यावर" असे रफार घेऊन उमटते, आणि घरच्या ग्रुपवर रोज तेच जाते. तसेच "ॲप" लिहिताना ॲ एकच अक्षर म्हणून येतो का ते बघा. अ आणि वेगळा चंद्र जोडून आला तर दिसायला सारखाच, पण शोधताना तो शब्द सापडत नाही.